पाण्याचा ठाव

रायपूरहून अभनपूरवरून धमतरीस जाणारा रस्ता पुढे महानदीवरील गंगरेल धरणाकडे नेतो. १९७८ साली उभ्या राहिलेल्या या धरणाच्या जलाशयात कितीतरी गावे बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की काल जेथून नौका निर्धास्त गेली, तेथेच आज एखादा उंचवटा पृष्ठभागाजवळ आलेला असतो. अशा पाण्यावर ठाव घेतल्यावाचून धावणे धोक्याचेच.

पूर्वी दोराला शिसे बांधून पाणी किती वाव आहे ते मोजीत. आज ते काम ध्वनी करतो. नौकेच्या मागील बाजूस पाण्यात बसविलेला लहानसा ट्रान्सड्यूसर ध्वनीचे स्पंद खाली धाडतो आणि तळावरून किंवा वाटेतल्या माशांवरून परतलेला प्रतिध्वनी ऐकतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. म्हणजे ३० मीटर खोलीची वार्ता सेकंदाच्या पंचविसाव्या भागात वर पोहोचते.

मग नौका संथ असता चोख बोलणारे हे यंत्र वेग वाढताच का बावचळते? दोष बहुधा यंत्राचा नसतो, हवेचा असतो. वेगात तळाखालून बुडबुड्यांचे लोट मागे सरकतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून जवळजवळ सारा ध्वनी माघारी फिरतो, आणि खरा प्रतिध्वनी त्या गलबल्यात हरवतो.

म्हणून ट्रान्सड्यूसर पंख्यापासून, तसेच तळावरील पट्ट्या व खिळ्यांच्या ओळींपासून दूर, जेथे पाणी अखंड वाहते तेथे बसवावा. त्याचा तळ नौकेच्या तळापेक्षा किंचित खाली असावा. पुढचे टोक मागच्यापेक्षा खाली कधीच नसावे. मागचे टोक एकदोन मिलिमीटर खाली असले तर हवा अडकत नाही. एवढ्याने भागले नाही, तर तो थोडाथोडा, एका वेळी सुमारे तीन मिलिमीटर, खाली घ्यावा आणि प्रत्येक बदलानंतर ओळखीच्या खोल पाण्यात, हळूहळू वेग वाढवून पारख करावी. एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

इतके करूनही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. यंत्र सरळ खाली पाहते, पुढे नव्हे. पडदा कोरा झाला, तर पाणी खोल आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ठाव लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी शहाणा नावाडी प्रथम वेग कमी करतो.