आधी एका रेषेवर आणा

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा न्यूयॉर्कला असतो. परवा त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडलेला हिशेब मला दाखवला. रात्री दीडला मुंबईहून निघाला, सकाळी आठला पोचला. म्हणजे साडेसहा तास. सुट्टीला येताना तिकडून दुपारी बाराला बसला, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत. म्हणजे चोवीस तास. "भाऊ, येताना विमान एवढं रखडतं कसं?"

काकू, विमान रखडत नाही. अंतर दोन्हीकडून तेच, सुमारे १२,५०० किलोमीटर. निघण्याची वेळ एका गावच्या घड्याळाची, पोचण्याची दुसऱ्या गावच्या. त्यांची वजाबाकी करायचीच नाही. आधी दोन्ही घड्याळं एका रेषेवर आणा!

घरात पट्ट्यापट्ट्यांचं टरबूज असेल तर समोर घ्या. देठापासून बुडापर्यंत गेलेले पट्टे, ती रेखावृत्तं. त्याच्या उभ्या चोवीस फोडी करा. एक फोड पंधरा अंशांची, आणि ती ओलांडायला सूर्याला एक तास लागतो. मुंबई एका फोडीवर, न्यूयॉर्क जवळजवळ दहा फोडी पलीकडे. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. आता मोजा: जाताना सोळा तास, येताना साडेचौदा. मधला दीड तासाचा फरक वाऱ्याचा. उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, येताना तो पाठीशी असतो.

हे आपल्याला, वाशिमकरांना, सांगावं लागावं, याचं मला वाईट वाटतं. भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल'मध्ये, ११८३ सालच्या ग्रंथात, पृथ्वीच्या मध्यरेषेवरची, म्हणजे जिच्यापासून वेळ मोजायची त्या रेखावृत्तावरची, गावं दिली आहेत. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, आणि त्यांच्याच रांगेत वत्सगुल्म. म्हणजे आपलं वाशिम! मध्यमेश्वराचं देऊळ त्याच रेषेवर, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आजच्या मोजणीत उज्जैन वाशिमच्या पाचेक मिनिटं पश्चिमेला सरकतं, पण रीत पक्की होती. गणित मध्यरेषेचं करायचं, मग आपलं गाव तिच्यापासून जितकं दूर तितका देशांतर-संस्कार, म्हणजे वेळेची दुरुस्ती, द्यायचा. काकूंच्या हिशेबात राहिला तो हाच संस्कार.

आजची भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंशांवरची. वाशिम सत्त्याहत्तरच्या जरा पुढे. म्हणून आपल्याकडे सूर्य माध्यान्हीला येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून एकवीस मिनिटं झालेली असतात. अंगणात काठी रोवून सावली बघा.

आणि त्याच टरबुजावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात वाट अरबस्तानावरून दिसते. दोरा मात्र वर चढतो, थेट उत्तर युरोपच्या माथ्यावरून... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली, दोऱ्याचं आता राहू द्या. काकू, ऐकत असाल तर एवढं लिहून घ्या: नोव्हेंबरात तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. तेव्हापासून साडेनऊ नाही, साडेदहा धरायचे.