मोटारीच्या इंजिनातील तेल: पातळी पाहणे आणि भर घालणे

मोटारीची निगा या विषयावर श्रोत्यांकडून येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न सतत येत राहतो आणि तो बहुधा त्याच शब्दांत विचारलेला असतो: नवीन गाडी घेतली आहे, तर इंजिनात तेल किती घालावे? घोटाळा प्रश्नाच्या मांडणीतच आहे. तेल घालणे ही नंतरची क्रिया असून तेल मोजणे ही आधीची होय; आणि नीट मोजल्यास, सुस्थितीतील गाडीत दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान काहीही घालण्याची गरज नसल्याचे बहुतेक वेळा आढळते. येथे तेल म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल नव्हे, तर इंजिनाचे फिरते भाग एकमेकांवर कोरडे घासू नयेत म्हणून वापरले जाणारे वंगण, ज्याला गॅरेजमध्ये नुसते 'ऑइल' म्हणतात, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे, कारण या दोहोंत गल्लत करणारी पत्रेही येतात.

इंजिनाच्या तळाशी एक उथळ पात्र बसवलेले असते. मेकॅनिक त्याला 'चेंबर' म्हणतात, आणि उंच गतिरोधकावरून गाडी आपटली असता खालून जो ठोका ऐकू येतो तो पुष्कळदा यालाच बसलेला असतो. छोट्या पेट्रोल गाडीच्या चेंबरमध्ये साधारण ३ ते ४ लिटर तेल असते. इंजिन चालू असताना एक पंप हे तेल वर खेचून बेअरिंगांपर्यंत आणि इंजिनाच्या माथ्यावरील झडपांपर्यंत पोहोचवतो, आणि इंजिन बंद झाल्यावर ते आतल्या भिंतींवरून ओघळत पुन्हा चेंबरमध्ये उतरते. या उतरण्यास काही मिनिटे लागतात, आणि मोजणीचे बहुतेक नियम याच एका गोष्टीतून निघतात.

पातळी मोजण्यासाठी इंजिनात एक लांब, लवचिक धातूची पट्टी खोचलेली असते. तिला डिपस्टिक म्हणतात आणि तिची कडी बहुतेक गाड्यांत पिवळी किंवा नारिंगी असते. गाडी सपाट जागी उभी असली पाहिजे. सोसायटीच्या तळघरात उतरणाऱ्या उतारावर किंवा घाटातल्या वळणावर घेतलेले माप निरर्थक असते, कारण तेल चेंबरच्या एका बाजूला जमा झालेले असते. इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच ते दहा मिनिटे थांबावे, किंवा सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी मोजावे; यांपैकी कोणती पद्धत पाळायची ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. पट्टी बाहेर काढून स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पूर्ण पुसावी, पुन्हा तळापर्यंत खोचावी, आणि दुसऱ्यांदा बाहेर काढून आडवी धरून वाचावी. पहिल्या वेळचे वाचन धरू नये, कारण गाडी चालताना उडालेले तेल पट्टीवर वरपर्यंत लागलेले असते. दोन्ही बाजूंना पातळी वेगळी दिसल्यास कमी असलेली खरी मानावी.

पेट्रोल पंपावर गाडी थांबताच बॉनेट उघडायला लावून, पट्टी ओढून 'साहेब, ऑइल खाली गेलंय' असे दाखवणाऱ्याविषयीही येथेच सांगितले पाहिजे. इंजिन नुकतेच बंद झालेले असल्याने तेल अजून वरच असते, पट्टी अर्धवट खोचलेली असू शकते, आणि पंपाची जागाही अनेकदा पाण्याच्या निचऱ्यासाठी उतरती केलेली असते. अशा तिहेरी चुकीच्या मापावर विसंबून तेलाचा डबा विकत घेण्याचे काहीही कारण नाही.

पट्टीच्या टोकाशी दोन खुणा असतात: कुठे रेघा, कुठे छिद्रे, कुठे रोमन अक्षरे. खालची खूण किमान पातळी दाखवते आणि वरची कमाल. या दोन खुणांमधील अंतर म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत सुमारे एक लिटर किंवा त्याहून थोडे कमी तेल होय. पातळी या दोन खुणांच्या मध्ये कुठेही असली तरी इंजिन पूर्ण सुरक्षित असते. पट्टीचा मधला भाग हा 'अर्धवट भरलेला' असा अर्थ सांगत नाही. वरच्या खुणेला भिडलेले तेल मधल्या पातळीच्या तेलापेक्षा अधिक चांगले, ही समजूत निराधार आहे, आणि याच समजुतीतून पुढचा, सर्वांत गंभीर दोष उद्भवतो.

तो दोष म्हणजे वरच्या खुणेच्या पलीकडे तेल भरणे. तेल कमी पडल्याने इंजिन खराब होते हे आता सर्वांना माहीत झाले आहे. पण जास्त तेलानेही ते खराब होते हे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसतो. 'थोडे जास्त असलेले बरे' हा घरगुती विचार येथे उपयोगी नाही. चेंबरच्या लगेच वर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांच्या वरखाली होण्याचे रूपांतर फिरण्यात करणारा वाकडातिकडा जाड दांडा, फिरत असतो. महामार्गावर इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचा प्रत्येक पुढे आलेला भाग सेकंदाला ५० वेळा तळाशी येतो. तेलाची पातळी योग्य असेल तर तो तेलाच्या वरून जातो; पातळी त्याच्या वाटेत आली की तो तेलात बुडून ते रवीने ताक घुसळावे तसे घुसळू लागतो आणि तेलाला फेस येतो. फेसात हवा असते आणि हवा वंगणाचे काम करू शकत नाही. पंप मग तेलाऐवजी बुडबुडे खेचतो, बेअरिंगांवरील तेलाचा पातळ थर तुटतो, आणि परिणाम तोच होतो जो तेल कमी असल्याने झाला असता. ज्या भीतीने जास्त तेल घातले, तेच संकट त्यामुळे ओढवते.

हानी तेथेच थांबत नाही. वाढलेल्या दाबाने तेल सील आणि गास्केटांतून झिरपू लागते. काही तेल इंजिनाच्या श्वसननळीतून ज्वलनकक्षात जाऊन जळते, धुराड्यातून निळसर धूर निघतो, आणि धूर शुद्ध करणारे महागडे उपकरण काजळीने व राखेने खराब होते. डिझेल इंजिनात, अतिरिक्त तेल मोठ्या प्रमाणात आत ओढले गेल्यास, इंजिन स्वतःच्या वंगणतेलावरच चालू लागण्याची घटना घडू शकते, आणि तेव्हा चावी फिरवून ते बंद होत नाही. खुणेला जेमतेम ओलांडून गेलेल्या तेलाने इंजिन त्याच दिवशी बंद पडत नाही, हे खरे. पण म्हणून ते तसेच राहू द्यावे असे मुळीच नव्हे. वरच्या खुणेच्या वर नाही, म्हणजे नाही. जास्त झालेले तेल गॅरेजमध्ये काढून घ्यावे आणि त्यासाठी मेकॅनिकने हसे केले तरी हरकत मानू नये.

भर घालायची ती पातळी खालच्या खुणेपाशी किंवा तिच्याखाली आल्यावरच. इंजिनाच्या माथ्यावर तेलाच्या बुधलीचे चित्र असलेले झाकण असते. तेल तेथूनच घालायचे असते, डिपस्टिकच्या नळीतून नव्हे, आणि शीतकाच्या किंवा ब्रेकच्या तेलाच्या टाकीत तर नव्हेच. कोरडे, स्वच्छ नरसाळे वापरून एका वेळी २०० मिलिलिटर घालावे. अनेक डब्यांच्या कडेला खुणांची पारदर्शक पट्टी असते, तिच्यावरून हे माप कळते. नंतर पाच मिनिटे थांबावे, पट्टी पुसून पातळी पुन्हा मोजावी, आणि पातळी मध्यापर्यंत आली की हात आवरता घ्यावा. संपूर्ण लिटरचा डबा एकदम उपडा करणाऱ्यांविषयी काय बोलावे? दसऱ्याला झेंडूचा हार घातलेल्या त्याच गाडीचे बॉनेट वर्षभरात एकदाही उघडायचे नाही, माहितीपुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढायची नाही, आणि मग एका दुपारी अंगात उत्साह संचारून संपूर्ण डबा ओतायचा, याला गाडीवरील प्रेम म्हणता येत नाही. झाकण मात्र परत घट्ट लावावे.

पातळी आपोआप वाढलेली आढळणे ही वेगळी बाब असून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या अनेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते; ती स्वतः काजळी जाळून साफ होण्यासाठी जादा डिझेल खर्चते, आणि गाडी रोज शहरातल्या शहरात थोडेथोडे अंतरच चालत असेल तर ही साफसफाई अर्धवट राहून थोडे डिझेल तेलात उतरते. पट्टीवरील पातळी वर चढलेली आणि तेलाला डिझेलचा वास, अशी स्थिती आढळल्यास भर घालण्याचा विचारही न करता तेल बदलून घ्यावे. तेल दुधाळ तपकिरी दिसत असेल तर त्यात पाणी किंवा शीतक मिसळल्याची शक्यता असते आणि गाडी चालवत नेण्याऐवजी मेकॅनिकला बोलावणे योग्य ठरते; पावसाळ्यात केवळ झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेला थोडासा दुधाळ थर मात्र बहुधा बाष्पाचा असतो.

डॅशबोर्डवरील लाल बुधलीचा दिवा तेलाचा दाब दाखवतो, पातळी नव्हे, आणि चालत्या गाडीत तो लागल्यास कडेला थांबून इंजिन तत्काळ बंद करावे. काळे झालेले तेल खराब झालेलेच असते असे नाही; डिझेल इंजिनात ते लवकर काळे होते, सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत दीर्घकाळ स्वच्छ दिसते, आणि दोन्ही ठिकाणी बदलण्याची मुदत किलोमीटर व महिन्यांवरून ठरते. डब्यावरील ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० हा आकडा तेलाचा पातळपणा सांगतो. पुस्तिकेत जो असेल तोच घ्यावा, शेजाऱ्याच्या गाडीचा नव्हे. काही नव्या महागड्या गाड्यांत डिपस्टिक नसते, पातळी पडद्यावर दिसते. विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिनच नसते. तरीही तिच्यात ऑइल कुठे घालायचे असे विचारणाऱ्या श्रोत्यांची जिज्ञासा निश्चितच कौतुकास्पद आहे.

महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी पातळी पाहणे पुरेसे आहे. प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर आणि घातलेले तेल यांची नोंद ठेवल्यास मेकॅनिकला इंजिन तेल पिते आहे की गळते आहे हे शोधणे सोपे जाते. दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर भर घालावी लागत असेल तर ती वही घेऊन गॅरेज गाठावे, आणि गाडी रात्रभर उभी असते त्या जागी जमिनीवर डाग पडतो का हे आदल्या रात्री पुठ्ठा अंथरून पाहून ठेवावे. जास्त झालेले तेल कोणी घरीच काढले असल्यास ते गटारात किंवा मातीत ओतू नये, कारण वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच द्यावे.