वजनकाटा आणि मोजपट्टी



तंबाखू घातक आहे, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. घरातला तरुण सिगारेट ओढताना दिसला, तर वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. त्याच तरुणाचे पोट सुटू लागले, तर मात्र ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ असे कौतुक होते. ही दृष्टी तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेचे अर्थतज्ज्ञ रोलँड स्टर्म यांनी २००२ साली स्थूलता, धूम्रपान व मद्यपान यांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. वय वीस वर्षांनी वाढल्यावर दीर्घकालीन आजारांत जेवढी भर पडते, जवळपास तेवढीच भर स्थूल व्यक्तींमध्ये आढळली. त्यांचा उपचारांवरील खर्च ३६ टक्क्यांनी, तर औषधांवरील खर्च ७७ टक्क्यांनी अधिक होता. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हीच वाढ अनुक्रमे २१ व २८ टक्के होती.

यावरून धूम्रपान सौम्य ठरत नाही. तंबाखू आजही जगभरात दरवर्षी ७० लाखांहून अधिक बळी घेते. स्थूलतेचे स्वरूप निराळे आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्यांची झीज असे आजार ती एकापाठोपाठ एक घेऊन येते आणि माणूस वर्षानुवर्षे औषधांवर अवलंबून राहतो. त्याचा भार सारे कुटुंब वाहते.

हा अभ्यास अमेरिकेतील असला, तरी आपण निश्चिंत राहावे असे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची व वजन यांवरून काढलेला दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. म्हणजे वजनकाट्यावर सडपातळ ठरणारा भारतीयही आतून स्थूल असू शकतो. पोटात, अवयवांभोवती साचलेली चरबी इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते आणि मधुमेहाची वाट मोकळी करते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि सुमारे ४० टक्के प्रौढांचे पोट प्रमाणाबाहेर वाढलेले आहे.

म्हणून घरात वजनकाट्याबरोबर शिंप्याची मोजपट्टीही असावी. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर, स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर, ही आपल्यासाठी सावधतेची रेषा होय. ती ओलांडली असेल, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. पंगतीतील आग्रह आवरावा, गोडधोड सणापुरते ठेवावे, रोज अर्धा तास झपझप चालावे. स्थूल व्यक्तीची थट्टा मात्र कदापि करू नये. तिला सोबत हवी असते. उद्या सकाळी फिरावयास निघताना घरातल्या आणखी एकाला हाक मारा, एवढीच विनंती.