पाय टेकू द्या

गडमुडशिंगी या गावाला सायकलचं अप्रूप कधीच नव्हतं. गांधीनगरची कापडपेठ शेजारी, गोकुळ शिरगावची एमआयडीसी जवळ. कामावर जायला सायकल पुरायची. तरी अशा गावांत पन्नाशीच्या पुष्कळ बायकांना सायकल येत नाही, आणि विचारलं तर “आता या वयात काय शिकायचं?” असं उत्तर येतं. माझ्या मते यात वयाचा संबंध थोडा. घरात सायकल एकच, ती कर्त्या पुरुषाची. मधे आडवा दांडा, अंगावर साडी. मुलगे दांड्याखालून पाय घालून, ढोपरं फोडून घेत शिकले. मुलींना ढोपरं फोडून घ्यायची मुभाच नव्हती. हुकलेल्या संधीला आपण पुढे वयाचं नाव दिलं.

पुरावा पाहा. फ्रान्सिस विलर्ड ही अमेरिकेतली दारूबंदी चळवळीची पुढारी 53व्या वर्षी सायकल शिकली. रोज साधारण पंधरा मिनिटं, सुमारे तीन महिने, असा हिशेब तिनं 1895 सालच्या आपल्या पुस्तकात दिला आहे. ती सवड असलेली बाई, असं कुणी म्हणेल. मग तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईकडे वळू. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेनं अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतमजूर, दगडखाणीवर राबणाऱ्या अशा हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवलंय की काहींना तो दांडाच सोयीचा वाटला. त्यावर मूल बसवता येतं! चारचौघींत शिकल्यामुळे हसणाऱ्यांचंही फारसं चाललं नसावं.

मग अडतं कुठं? शिकवण्याच्या पद्धतीत. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळलं की ती सावरते. मोठं माणूस पडायच्या भीतीनं हँडल आवळून धरतं आणि हे वळणंच थांबवतं. मागून कॅरिअर धरून पळणारा भाऊ किंवा नवरा मदत करतोय असं वाटतं खरं, पण तोल तोच सांभाळत असतो. त्यानं हात सोडला की शिकणारी पुन्हा होती तिथंच. त्यापेक्षा सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, पायडल काढून ठेवावीत, आणि पायांनी ढकलत चालवावी. तोल आला की मग पायडल.

स्कूटी असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. स्कूटीला लायसन लागतं, पेट्रोल लागतं, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या वेळेवर मोकळी होते. शिवाय शंभर किलोच्या गाडीवर तोल शिकण्यापेक्षा हलक्या सायकलवर शिकलेलं बरं. रस्त्याचा आक्षेप मात्र खरा आहे. हुपरी रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालू असताना नवशिक्यानं तिकडे फिरकू नये. पण शिकायला हुपरी रस्ता कशाला हवा? सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान पुरतं. सायकलही विकत घ्यायला नको. लेक कॉलेजला जाऊन केएमटी बसचा पास काढू लागली की तिची सायकल पडवीत धूळ खात असते. पायडल काढायला एक पाना घ्या. फक्त डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तेवढं ध्यानात ठेवा.