पन्नास पॉइंटांची फ्रेंच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



पुण्यात मी गेली सत्तावीस वर्षं फ्रेंच शिकवते. माझ्याकडे येणारी मुलं पूर्वी साधारण दोन कारणं सांगायची. शाळेतली म्हणायची, दहावीला मार्क चांगले पडतात. नोकरीतली म्हणायची, कंपनीत उपयोग होतो. क्वचित एखादा म्हणायचा, की मला ही भाषा आवडते. त्याला मी चहा पाजायची! गेल्या काही वर्षांत एक तिसरं कारण आलं आहे. पहिल्याच दिवशी, अजून मुळाक्षरंसुद्धा व्हायची असतात, तोच प्रश्न येतो, "मॅडम, कॅनडाचे पन्नास पॉइंट मिळायला किती महिने लागतील?"

हे पन्नास पॉइंट काय आहेत, ते आधी सांगते. कॅनडात कायमचं राहायला जायचं, तर वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांचे गुण मोजले जातात. फ्रेंच चांगली येत असेल, तर त्यात जास्तीत जास्त पन्नास गुणांची भर पडते. २०२३ पासून तर फ्रेंच येणाऱ्यांना वेगळी निमंत्रणं निघू लागली. २०२४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांचे आकडे पाहा. पहिल्या दिवशी सर्वसाधारण यादी ५३४ गुणांवर थांबली. दुसऱ्या दिवशी फ्रेंच येणाऱ्यांची यादी ३३६ पर्यंत खाली आली. जवळजवळ दोनशे गुणांची सवलत! आता आमच्या वर्गात संगणकवाल्यांची गर्दी का होते, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पण एखादं सरकार एका भाषेवर इतकं मेहेरबान का होतं? आपल्याला वाटतं, कॅनडात क्युबेक नावाचा फ्रेंच प्रांत आहे, त्याच्यासाठी हे चाललं असेल. तसं नाही. आपल्याकडे येणारी माणसं निवडायचे अधिकार क्युबेकला १९९१ च्या करारानेच मिळाले आहेत. ही सारी धडपड आहे ती क्युबेकच्या बाहेर, इंग्रजीच्या समुद्रात बेटांसारख्या राहिलेल्या फ्रेंच वस्त्यांसाठी. अशी माणसं सुमारे दहा लाख आहेत. कोणी न्यू ब्रन्सविकमध्ये, कोणी ऑन्टारिओत, तर कोणी पार पश्चिमेकडे मॅनिटोबात.

मॅनिटोबाचीच गोष्ट घेऊ. विनिपेग शहरात नदीच्या पलीकडे सँ-बोनिफास नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या आवारात लुई रिएलची कबर आहे. रिएल हा मेती, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाच्या लोकांचा पुढारी. त्याच्या लढ्यामुळे १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला आणि कायद्यात इंग्रजीच्या बरोबरीने फ्रेंचलाही जागा मिळाली. रिएलला १८८५ मध्ये फाशी दिलं गेलं. पुढे पाचच वर्षांनी, १८९० मध्ये, प्रांताच्या सरकारने फ्रेंचचं स्थान काढून घेतलं. १९१६ मध्ये शाळांतलं फ्रेंच शिक्षणही बंद केलं.

शेजारच्या ऑन्टारिओत याहून वेगळं नव्हतं. तिथे १९१२ च्या 'नियम १७' ने पहिली दोन वर्षं सोडली, तर फ्रेंचमधून शिकवायला बंदी केली. ओटावातल्या गीग शाळेत देलोज आडनावाच्या दोघी बहिणी शिक्षिका होत्या. त्यांनी हा नियम मानला नाही. त्यांना शाळेतून काढू नये म्हणून १९१६ च्या जानेवारीत मुलांच्या आया शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. हातात काय, तर टोपीला लावायच्या लांब पिना, कात्र्या आणि लाटणी! भाषेसाठी लाटणं उगारणाऱ्या त्या बायका मला फार जवळच्या वाटतात.

मॅनिटोबातल्या लोकांनीही हार मानली नाही. १९४६ मध्ये सँ-बोनिफासकरांनी आसपासच्या गावांतून वर्गणी काढून पश्चिम कॅनडातलं पहिलं फ्रेंच नभोवाणी केंद्र सुरू केलं. शाळेत बंदी असलेली भाषा रेडिओवरून थेट स्वयंपाकघरात पोचली. रेडिओवर बोलताना ही गोष्ट सांगायला मला विशेष आनंद होतो. आणि १९७६ मध्ये जॉर्ज फोरे नावाच्या विमा एजंटाला गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल दंडाची पावती मिळाली. दंड होता पाच डॉलर; पण पावती होती फक्त इंग्रजीत. आपण काय केलं असतं? पाच डॉलर भरून मोकळे झालो असतो. फोरे कोर्टात गेले. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की १८९० चा तो कायदाच घटनाबाह्य आहे. नव्वद वर्षांचा अन्याय एका पावतीने उलटवला!

म्हणजे पाहा, सरकार विरोधात होतं तेव्हा ही भाषा टिकली. मग सरकार बाजूने आल्यावर ती फोफावायला हवी होती. १९६९ मध्ये राजभाषा कायदा झाला. १९८२ च्या सनदेने अल्पसंख्य भाषेतून शिक्षणाचा हक्क दिला. आणि तरीही क्युबेकबाहेरच्या फ्रेंचभाषकांचं प्रमाण १९७१ मध्ये ६.१ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ३.५ टक्क्यांवर आलं. गंमत अशी, की माणसं काही कमी झाली नाहीत. भोवतालचा समुद्र वाढला. बाहेरून लाखो लोक आले, ते इंग्रजीत मिसळले. फ्रेंच घरांत मुलं कमी झाली, इंग्रजी घरांशी सोयरिकी झाल्या आणि नातवंडं आजीला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. जुलूम दिसतो, त्याच्यासमोर लाटणं उगारता येतं. सोय दिसत नाही. सोयीसमोर काय उगारणार?

यावर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे बाहेरून फ्रेंच बोलणारी माणसं आणायची. २००३ मध्ये ठरलं, की क्युबेकबाहेर येणाऱ्यांत ४.४ टक्के लोक फ्रेंचभाषक हवेत. मुदत होती २००८ ची. ती पुढे ढकलली २०२३ वर. मधल्या काळात, २००८ ते २०२० या वर्षांत, ठरल्यापेक्षा सुमारे ७६ हजार माणसं कमी आली, असा हिशेब तिथल्या भाषा आयुक्तांनीच मांडला. मग २०१६ मध्ये मालकांना फ्रेंचभाषक कामगार आणणं सोपं केलं. २०२० मध्ये पॉइंट वाढवले. स्वागतासाठी चौदा वस्त्या निवडून त्यांना पैसे दिले. २०२२ मध्ये ते ४.४ टक्के एकदाचे गाठले. २०२३ च्या नव्या कायद्याने तर १९७१ चं ६.१ टक्क्यांचं प्रमाण परत मिळवायचं उद्दिष्टच ठेवलं आणि २०२४ मध्ये येणाऱ्यांतलं प्रमाण सात टक्क्यांच्या वर गेलं.

आकडे जमले. पण आकड्यांच्या मागे माणसं असतात. फ्रेंच बोलणारी माणसं जगात आज सर्वांत जास्त आहेत ती आफ्रिकेत. कॅमेरून, काँगो, मोरोक्को, अल्जीरिया इथली तरुण मुलं कॅनडात शिकायला जायचं म्हणतात आणि त्यांचेच व्हिसा मोठ्या प्रमाणावर नाकारले जात होते. यावर २०२२ मध्ये संसदेच्या समितीने बोट ठेवलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आली. एका हाताने बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने दार लावायचं, असं बरीच वर्षं चाललं होतं.

शाळेचंही तसंच. सनदेतला शिक्षणाचा हक्क कॅनडाच्या नागरिकांना आहे, तोही ठरावीक अटींवर. नुकत्याच आलेल्या कुटुंबाला तो आपोआप मिळत नाही. उत्तरेकडच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये काही मुलांना फ्रेंच शाळेत प्रवेश नाकारला गेला. शाळा घ्यायला तयार होती, मंत्री तयार नव्हते! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं, की असा निर्णय घेताना त्या भाषिक समाजाचं जतन आणि वाढ यांचा विचार मंत्र्यांनी करायलाच हवा होता. मला हा निकाल पॉइंटांच्या सगळ्या कोष्टकांपेक्षा मोलाचा वाटतो. कारण भाषा विमानतळावर उतरत नाही. ती शाळेच्या मधल्या सुट्टीत रुजते.

आता माझ्या एका विद्यार्थिनीविषयी सांगते. हीसुद्धा पन्नास पॉइंटांसाठीच आली होती. हुशार, पण भाषेवर प्रेम वगैरे काही नाही. परीक्षा झाली, निमंत्रण आलं, नवरा आणि तीन वर्षांचा मुलगा यांना घेऊन ती विनिपेगला गेली. तिच्या ओळखीचे बहुतेक जण टोरोंटोच्या बाजूला गेले आणि त्यांची फ्रेंच तिथे बॅगेतच राहिली. त्यांना दोष देता येत नाही. पॉइंट फ्रेंच येण्याचे मिळतात, ती बोलण्याचे नाही. हिचंही कामकाज इंग्रजीतच. पण सँ-बोनिफासच्या एका फ्रेंच पाळणाघरात, बरेच महिने थांबल्यावर, तिच्या मुलाला जागा मिळाली. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझे उच्चार दुरुस्त करून दमलात. आता तो करतो!" तिथे त्याचा जिवलग मित्र काँगोतून आलेल्या कुटुंबातला आहे. दोघं फ्रेंचमध्ये भांडतात. मी विचारलं, "आणि घरी?" ती जरा थांबली. म्हणाली, "घरी मराठीच, मॅडम. तेवढं मी सोडलेलं नाही."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कॅनडाचं सरकार दूरदेशच्या लेकराला आपल्या एका दुबळ्या भाषेसाठी बोलावतं, त्यासाठी कायदे करतं, पैसा ओततं. त्या पोराच्या मराठीसाठी तिथे एकही पॉइंट नाही आणि ते बरोबरच आहे. ते काम सरकारचं नव्हे. इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना हे ठाऊक आहे. आपल्या घटनेतही १९५६ पासून कलम ३५०-अ आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं ते सांगतं. पण कलम दार उघडं ठेवतं, आत कोणी जायचं हे घरात ठरतं.

आता वर्गात कोणी पन्नास पॉइंटांचं विचारलं, की मी चिडत नाही. महिने किती लागतील ते नीट सांगते. आणि शेवटी एवढंच म्हणते, "तिकडे गेलास, तर बाबा, मुलाला फ्रेंच शाळेत घाल. ज्या लोकांनी पाच डॉलरच्या पावतीसाठी कोर्ट गाठलं, त्यांच्या भाषेच्या जोरावर तुला दार उघडलंय. तेवढं देणं लागतोस."