‘अनुभव सांगा’ असे विचारले तर



आपल्या धाराशिव जिल्ह्यातून रात्रीच्या किंवा पहाटेच्या एस. टी. ने पुण्याला निघालेल्या काही मुलामुलींच्या मांडीवर एक प्लॅस्टिकची फाईल असते. तिच्यात दहावीपासूनच्या गुणपत्रिका असतात, जातीचा दाखला असतो, फोटो असतात. ती मुलाखतीला निघालेली असतात. त्या फाईलमध्ये न मावणाऱ्या एका गोष्टीविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे त्यांचा अनुभव.

आमच्या शेजारची एक मुलगी मध्यंतरी अशीच मुलाखत देऊन परतली. पदवी चांगल्या गुणांनी मिळवलेली. पण चेहरा उतरलेला. मी विचारले, “काय गं पोरी, काय विचारलं?”

ती म्हणाली, “काका, बाकीचं सगळं आलं. पण ते म्हणाले, एखादी अडचण तुम्ही स्वतः सोडवली असेल तर तो अनुभव सांगा. मला कशाचा आलाय अनुभव? मी म्हणलं, मी नवीन आहे, अनुभव नाही.”

मी म्हटले, “आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी कुणी वाटलं?”

“ते व्हय? ते तर वस्तीचं काम होतं. त्यात काय सांगायचं?”

श्रोतेहो, त्यात काय सांगायचे तेच आता ऐका. वस्ती 42 घरांची. टँकर यायचा 10 हजार लिटरचा. तो आला की पाणी थेट विहिरीत सोडायचे आणि मग दोर, घागरी आणि भांडणे. म्हाताऱ्यांना आणि एकट्या बायकांना शेवटी गाळच मिळायचा. या मुलीने वहीत घरांची यादी केली, चिठ्ठ्यांवर नंबर घातले आणि ड्रायव्हरला विनवून पाणी विहिरीऐवजी दारच्या बॅरलांत घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिने प्रत्येक घराला सारखे पाणी दिले. लगेच तक्रार आली, ‘आमच्या घरात नऊ माणसं, त्यांच्यात दोन, मग सारखं कसं?’ तक्रार रास्त होती. तिने डोकी मोजली. 210 माणसे भरली. माणशी 45 लिटर असा हिशेब तिने लावला आणि पहिला नंबर रोज पुढच्या घराला दिला. आठवड्यात भांडणे थांबली.

आता सांगा, हा अनुभव नव्हे काय? माहिती गोळा करणे, तोडगा काढणे, तो चुकल्यावर दुरुस्त करणे आणि चिडलेल्या माणसांशी गोडीने बोलणे हे सारे त्यात आले. मुलाखत घेणारा हेच तर शोधत असतो. आणि आमची मुलगी त्याला सांगून आली, ‘अनुभव नाही.’

हा प्रश्न विचारतात तरी का, हेही समजून घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन फ्लॅनागन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वैमानिकांची निवड कशी करावी याचा अभ्यास करीत होते. ‘चांगला वैमानिक कसा असावा’ अशी मोघम मते गोळा करण्यापेक्षा, प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगात कोण कसा वागला ते नेमके विचारावे, असा त्यांचा मार्ग होता. 1954 साली त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. नोकरीच्या मुलाखतीतले ‘एखादा प्रसंग सांगा’ हे प्रश्न याच विचाराच्या वाटेने आले आहेत. ‘मी कष्टाळू आहे, मी प्रामाणिक आहे’ असे कोणीही म्हणू शकतो. परंतु घडलेला प्रसंग ज्याचा त्यालाच नीट सांगता येतो.

प्रसंग आपल्या जिल्ह्याला कधी कमी पडलेले नाहीत. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. किल्लारीबरोबर आपल्याकडचे सास्तूर आणि आसपासची गावेही भूकंपाने जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ती घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. पुढे घरदुरुस्तीची सरकारी योजना आली, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. भिंत भूकंपात टिकावी म्हणून काय करावयाचे ते घरोघर समजावून सांगायचे आणि लोकांच्या अडचणी इंजिनिअरपर्यंत पोचवायच्या, हे त्यांचे काम. या बायकांच्या हाती पदव्या नव्हत्या. गाव कसे चालते, कोण कोणाचे ऐकते, अडलेले काम कोठून सुटते, हे मात्र त्यांना ठाऊक होते. त्या जाणतेपणाला या जिल्ह्यात एकदा सरकारी योजनेत जागा मिळालेली आहे. मग आमच्या मुलांनीच तो कमी का लेखावा?

आता उत्तर कसे द्यावे ते पाहू. चार गोष्टी क्रमाने सांगायच्या. पहिली, अडचण काय होती. दुसरी, त्यात माझ्याकडे कोणते काम होते किंवा मी कोणते अंगावर घेतले. तिसरी, मी नेमके काय केले. आणि चौथी, शेवटी काय निष्पन्न झाले. अडचणीचे वर्णन दोन वाक्यांत उरकावे. आपली मुले दुष्काळाचेच वर्णन इतके लांबवतात की स्वतःच्या कामाला वेळच उरत नाही. दोन मिनिटांतला मोठा भाग ‘मी काय केले’ याला द्यावा. जिथे आकडा असेल तिथे आकडा सांगावा. ‘पुष्कळ घरं होती’ यापेक्षा ‘42 घरं होती’ हे ऐकणाऱ्याला पटते.

इथे आपल्या बोलण्याच्या एका सवयीकडे लक्ष वेधतो. आपण म्हणतो, ‘पाणीवाटप झालं’, ‘यादी करण्यात आली’, ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’. मीपणा करू नये, ही घरची शिकवण. शिकवण चांगलीच आहे. पण मुलाखतीच्या टेबलापलीकडच्या माणसाला तुमची वस्ती नोकरीवर घ्यायची नसते, तुम्हाला घ्यायचे असते. म्हणून जे इतरांनी केले ते इतरांच्या नावावर ठेवा आणि जे तुम्ही केले ते ‘मी केलं’ असे स्वच्छ सांगा. ‘ट्रॅक्टर चुलत्यांनी दिला, यादी मी केली.’ यात बढाई नाही, हा हिशेब आहे.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे, न घडलेले सांगू नका. 2025 च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांत पूर आला, तेव्हा अनेक तरुणांनी लोकांना आणि जनावरांना सुरक्षित जागी हलवायला मदत केली. ज्याने दोन शेळ्या सोडवल्या त्याने दोनच सांगाव्यात. कारण मुलाखत घेणारा लगेच विचारतो, ‘मग पुढे काय केलंत? कोण आडवं आलं? काय चुकलं?’ खरे सांगणारा या प्रश्नांनी खुलतो, रचून सांगणारा तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो. चूक विचारली तर लपवू नये. आमच्या मुलीचा पहिल्या दिवशीचा चुकलेला हिशेब हाच तिच्या गोष्टीतला सर्वात मोलाचा भाग आहे. आणि सरपंच, तलाठी, मास्तर यांना दोष देत बसू नये. तक्रार करणारा माणूस आणि काम काढणारा माणूस, यांत निवड कोणाची होईल ते उघड आहे.

इंग्रजीत बोलावे लागणार असेल तर प्रसंग आधी मराठीत लिहून काढावा, मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजीत बांधावा आणि मोठ्याने म्हणून पाहावा. पाठांतर मात्र नको.

कोणी म्हणेल, सरकारी नोकरीत आता मुलाखत कुठे असते? केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या, अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, हे खरे. पण अधिकारी पदांना, बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या भरतीला, खासगी कंपन्यांत आणि सामाजिक संस्थांत मुलाखत आहेच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत मुलांना एक प्रश्न घाला, ‘या आठवड्यात घरी किंवा शेतात काय अडलं आणि तू काय केलंस?’ एकेकाला दोन मिनिटे द्या. कोणी मोटार चालू केली असेल, कोणी हरवलेले वासरू शोधले असेल, कोणी आजीचे औषध आणले असेल. मूल ‘झालं’ म्हणाले की हळूच विचारा, ‘कुणी केलं?’ आठवीतल्या मुलाला हे जमू लागले, तर विसाव्या वर्षी पुण्याच्या कचेरीत त्याची जीभ अडणार नाही.

आमची मुलगी पुढच्या महिन्यात पुन्हा मुलाखतीला जाणार आहे. परवा तिने ती पाण्याच्या हिशेबाची जुनी वही माळ्यावरून काढली. “काका, ही फाईलमध्ये ठेवू का?” म्हणाली. मी म्हटले, “फाईलमध्ये नको, डोक्यात ठेव. त्यांनी विचारलं की पहिल्या दिवसापासून सांग.”