कुलाब्याची सहल आणि ओहोटीचा पाठ
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस शैक्षणिक सहलींविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय मोठा आहे. आम्ही तो अलिबागेसमोरील एका लहानशा बेटापुरता, म्हणजे कुलाबा किल्ल्यापुरताच घेणार आहोत. शिक्षकीच्या काळात मुलांच्या किती तुकड्या आम्ही तेथे नेल्या, याचा हिशेब ठेवलेला नाही.

या सहलीचा पहिला पाठ किल्ल्यावर होत नाही, तो आठ दिवस आधी पंचांग उघडून होतो. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा आडाखा आपल्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. द्वादशीस बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी ९ च्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, ३ च्या पुढे, पूर्ण ओहोटी. अष्टमीस ओहोटी ऐन दुपारी येते, पण तो भांगाचा दिवस. पाणी म्हणावे तसे ओसरत नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे का सरते, हे मुले येथे आपण होऊन विचारतात, आणि भूगोलाच्या पुस्तकातील चंद्राची गती त्यांस प्रथमच उपयोगाची वाटते. अर्थात आडाखा तो आडाखाच. छापील कोष्टकाशी तो ताडून पाहावा आणि शेवटचा शब्द किनाऱ्यावरील कोळ्याचा किंवा घोडागाडीवाल्याचा मानावा. तो ‘आता नको’ म्हणाला, तर मास्तरांनी वाद घालू नये.

हे आम्ही इतके लांबण लावून का सांगतो? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. तेव्हापासून ‘समुद्राची सहल नकोच’ असे म्हणणारे आईबाप आम्हांस आपल्या ज्ञातीतही भेटतात. त्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु आपली मुले या किनाऱ्यावरच वाढावयाची आहेत. शाळेने नेले नाही, तर उद्या ती मित्रांबरोबर, तिथी न पाहता, पाण्यात उतरतील. म्हणून परवानगीच्या कागदावर सही करण्यापूर्वी पालकांनी शाळेस विचारावे : दिवस कोणता निवडला, ओहोटी किती वाजता, परत कधी निघणार, आणि मुलांची मोजणी कोण करणार? ज्या शाळेस यांची उत्तरे देता येत नाहीत, तिच्या सहलीस मूल पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता किल्ल्याविषयी. शिवछत्रपतींनी १६८० मध्ये, आपल्या अखेरच्या दिवसांत, याचे काम सुरू करविले आणि संभाजी महाराजांनी ते पुढे तडीस नेले. तटाचे प्रचंड चिरे चुन्यावाचून नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. मुलांस त्या फटींत हात घालू द्यावा. व्याख्यान आटोपते घ्यावे. चहूकडे खारे पाणी असता आत गोड्या पाण्याची विहीर आहे, हे पाहून तर मुले थक्क होतात. कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७२१ मध्ये, इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून केलेली स्वारी येथे फसली. आंग्र्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८४२ मध्ये इंग्रजांनी आतील इमारतींचे लाकूड लिलावात विकले. तेव्हा ‘वाडे कोठे गेले?’ या मुलांच्या प्रश्नास आम्ही हेच उत्तर देत असू.

आणखी एक गोष्ट ज्ञातीच्या व्यासपीठावरूनच सांगितली पाहिजे. मराठ्यांच्या आरमारात मायनाक भंडारी होते, तसे दौलतखानही होते. आपल्या पूर्वजांचा अभिमान मुलांस अवश्य द्यावा. पण ते आरमार एका ज्ञातीचे नव्हते, हेही त्याच श्वासात सांगावे.

ओहोटीस अवकाश असेल, तर गावातील चुंबकीय वेधशाळेची माहिती मुलांस द्यावी. मुंबईच्या कुलाब्यात विजेच्या ट्राम येणार म्हणून तेथील नाजूक वेध बिघडू नयेत, यासाठी १९०४ मध्ये ही वेधशाळा अलिबागेस उभारली गेली, आणि तिच्या वेधगृहाच्या बांधकामात लोखंड वर्ज्य केले गेले. कुलाब्याहून निघून ती पुन्हा कुलाब्यासमोर आली, याची मुलांस मोठी गंमत वाटते.

आता मंडळाकडे एक मागणे. सहलीच्या दिवशी पैसे न भरलेली तीन-चार मुले शाळेत येऊन रिकाम्या वर्गात बसतात. ‘घरी काम आहे’ असे सांगतात. आम्ही ती प्रत्येक वर्षी पाहिली. त्यांत मुलींची संख्या अधिक असे, कारण वर्गणी एकाचीच भरणे शक्य असेल तेव्हा भाऊ जाई. मंडळ गुणवंतांस दरवर्षी बक्षिसे देते. त्याच निधीतून थोडी रक्कम या वर्गणीसाठी बाजूस काढावी. पैसे मुलाच्या हाती न देता परस्पर शाळेत भरावेत आणि त्या मुलांची नावे या स्मरणिकेत छापू नयेत. अध्यक्ष महाराजांनी हा ठराव आजच्याच सभेपुढे ठेवावा, अशी आमची विनंती आहे. पहिली वर्गणी म्हणून आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातील अल्पशी रक्कम खजिनदारांकडे सकाळीच दिली आहे.